सोलरवाल्या आफरीनबाईंविषयी, विचारलंत म्हणून

बसणी, जि. रत्नागिरी
नोव्हेंबर, रविवार, दुपारच्या जेवणानंतर

प्रिय अमरदीप यांस,

भावोजींचा सप्रेम जयभीम. इकडे माझी पाठ सोडून सगळे बरे आहेत. तुमची सध्या कुठली पाळी चालू आहे ते कळवावे. रात्रपाळी असेल तर हे पत्र झोप झाल्यावरच उघडावे, कारण लांब आहे. रसिकाच्या दाढेचं प्रकरण मिटलं का? तेजलला मामाआत्याचे आशीर्वाद सांगावेत (मी तिचा मामा नव्हे, पण आशीर्वाद देताना नातं कोण बघतो). आईंची तब्येत उत्तम. ऑक्सिजनचं मशीन नाकाला लावलेलं असूनही काल त्यांनी माझ्या हातचा चहा परत पाठवला आणि वर म्हणाल्या, "जावईबुवा, हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" एका दमात म्हणाल्या. दम कमी असता तर 'विसळलेलं'पर्यंत पोचल्या नसत्या.

तुम्ही मागे विचारलं होतंत की लोट्याजवळच्या नव्या घरावर सोलर बसवायचं आहे, तर आमची ती आफरीन कशी आहे, भरवशाची आहे का, की एकदा काम झालं की ओळख दाखवत नाही. हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही कंपनीत असता तेव्हा तुमचा फोन गेटवर असतो, आणि फोन घरी येतो तेव्हा तुम्ही झोपलेले असता. शिवाय मी सगळं आयुष्य पोस्टात दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात घालवलं, आता स्वतःचं एक लांबलचक पत्र लिहायची हौस भागवून घेतो.

तर आधी टायवाला. आफरीनच्या आधी आमच्याकडे एका मोठ्या कंपनीचा तरुण आला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ते इंग्रजीत होतं आणि मला उच्चारताही आलं नाही. गेल्या वर्षी, भर मे महिन्यात टाय. त्याने आम्हाला एक रंगीत कॅलेंडर दिलं, त्यावर सोलर लावलेलं घर होतं आणि घराच्या छपरावर बर्फ होता. पंचवीस वर्षांची गॅरंटी म्हणाला. नंदाने विचारलं, "तुमची कंपनी कधी सुरू झाली?" तर म्हणाला, गेल्या गणपतीत. म्हणजे पंचवीस वर्षांची हमी देणारी कंपनी स्वतः अजून रांगत होती. तुमची बहीण मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण ती निवृत्त झाली हे अजून तिला ठाऊक नाही. तिने त्याच्याकडून कंपनीचे दोन्ही नंबर घेतले, एक विक्रीचा, एक तक्रारीचा, आणि त्याच्यासमोरच दोन्ही लावले. विक्रीवाल्याने पहिल्या रिंगला उचलला आणि 'मॅडम, मॅडम' करायला लागला. तक्रारीच्या नंबरावर बासरी लागली. चांगली होती बासरी. आई डोळे मिटून ऐकत होत्या. त्याचा चहा पिऊन झाला तरी बासरी चालूच होती. मग नंदाने फोन ठेवला आणि कॅलेंडर त्याच्याकडे परत दिलं.

(अमरदीप, ही युक्ती लक्षात ठेवा. माल विकायचा फोन सगळेच उचलतात. बिघाडाचा फोन कोण उचलतो ते माल घ्यायच्या आधी बघायचं.)

त्यानंतर आफरीन. राजिवड्याची, सोलकरांची. इंजिनिअर आहे. दुकानाचं नाव 'सोलकर सोलर' ठेवायचं होतं, पण पेंटरला वाटलं की चुकून एक 'क' जास्त पडलाय, त्याने परस्पर सुधारून 'सोलर सोलर' रंगवलं. तिने तसंच ठेवलंय. म्हणते, एकदा वाचून विसरतात, दोनदा वाचलं की लक्षात राहतं. बरोबर तिचा नवरा अली. हा पूर्वी जहाजावर विजेचं काम करायचा. बोलत नाही. दोघांच्या वाटणीचं ती बोलते, आणि ती किती बोलते हे तुम्हाला पत्रात सांगता येणार नाही, कारण टपालाला वजनाची मर्यादा असते. आमच्या घरात आल्या आल्या तिने पायऱ्यांचा उतार, पाण्याच्या टाकीचं झाकण आणि माझा चष्मा या तिन्हींवर मत दिलं. मग छपरावर गेली आणि खाली येऊन म्हणाली, "काका, टायवाल्याने लिहून दिलीत तेवढी पॅनेलं तुम्हाला लागत नाहीत. आणि त्याने दाखवली त्या जागेवर दुपारभर माडाची सावली. तिथे लावली तर वीज नाही, नारळ मिळतील."

नंदा ताडकन म्हणाली, "माड तोडायचा नाही."

"तोडा कोण म्हणालं, काकी? न्हाणीघराच्या वर लावूया. जरा वाकडं दिसेल, पण ऊन सरळ पडेल."

त्याच बैठकीत तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी टायवाल्याने सांगितली नव्हती. म्हणजे असं, की साधं सोलर असलं तर बाहेरची लाइट गेली की तेही बंद पडतं, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये. (टायवाला म्हणाला होता, गावात अंधार झाला तरी तुमचं घर झगमगेल.) आईंच्या मशीनसाठी बॅटरीवालाच इन्व्हर्टर लागेल आणि तोही पंखे, फ्रिज, टीव्ही सगळं ओढणार नाही, मशीन आणि दोन दिवे एवढंच, हे तिने आईंच्या पलंगाशी बसून आईंनाच समजावलं. आईंनी विचारलं, "मालिका?" आफरीन म्हणाली, "आजी, मालिका की श्वास?" आईंनी विचार करायला वेळ घेतला.

तरी नंदाचं समाधान नव्हतं. ती म्हणाली, तुझ्या जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते दे. मला वाटलं, ही आता आपल्या चुलत्या-मावश्यांचे पत्ते देणार. तर आफरीन म्हणाली, "ज्यांचं चांगलं चाललंय त्यांच्याकडे जाऊन काय कळणार, काकी? ज्याचं बिघडलं होतं त्याच्याकडे जा. हेदवीला भागोजी म्हणून आहेत. माझ्यावर रागावलेले आहेत."

आता मला सांगा, कोणता दुकानदार रागावलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता देतो? मी गेलो. जयगडच्या फेरीबोटीत माझी टोपी खाडीत गेली, तवसाळला उतरून जी रिक्षा केली ती भलत्याच भागोजीकडे घेऊन गेली (त्यांच्याकडे जेवलो, माणसं चांगली होती, कौलावर सोलर मात्र नव्हतं), आणि दुपार कलल्यावर खरे भागोजी सापडले. मी म्हटलं, आफरीनबद्दल विचारायला आलोय. माणूस ओटीवरून उठून उभाच राहिला.

"तिचा नाव नका काडू! काय बाय हाय का फटाकडा?"

मला वाटलं, झालं, बिंग फुटलं. पण हळूहळू कळलं ते असं, की वीज पडून भागोजींचं यंत्र जळलं, आफरीन भर पावसात येऊन ते बदलून गेली, कंपनीशी भांडून नवीन मिळवलं, इथपर्यंत भागोजींची काही तक्रार नाही. तक्रार पुढची. पुढच्या उन्हाळ्यात वीज कमी यायला लागली म्हणून त्यांनी तिला बोलावलं. ती वर चढली, तर पॅनेलांवर आमसुलं वाळत घातलेली. आणि कडेच्या पॅनेलवर सुकट. भागोजी मला म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, भावजी, काच कशी लकलकीत, तापते कशी, मांजर चढला तर घसरतो. वाळवणाला येवढी झ्याक जागा गावात हाय का?" त्यावर आफरीनने त्यांना आणि त्यांच्या मंडळींना अंगणात उभं करून असं काही झाडलं की शेजारी ऐकायला कुंपणाच्या गडग्यावर येऊन बसले. मग स्वतः पॅनेलं धुतली, आणि जाताना आमसुलं विकत घेऊन गेली. भागोजी वर्षभर रागावलेले आहेत. मी विचारलं, मग तुमच्या मुलाने घर बांधलं तर तिच्याकडूनच बसवाल का? ते चिडून म्हणाले, "मग आनि कोनाकडनं?"

काम आमच्याकडे झालं. ती उद्या येते म्हणाली आणि परवा आली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण उद्या जमत नाही असा फोन आजच आला होता. खाऱ्या वाऱ्याला गंजू नयेत म्हणून तिने नट-बोल्ट वेगळे आणले आणि एकेक मला हातात धरायला लावला. अलीने सगळी पॅनेलं बसवली, त्या अवधीत तो 'हां' एवढंच बोलला, तेही मी विचारलं म्हणून, की वर गरम होतंय का.

मग तुमच्या बहिणीने तपासणी काढली. यंदा पावसाळ्याच्या आधी एके दिवशी सकाळी, मला न सांगता, तिने इन्व्हर्टर बंद करून ठेवला. बघायचं होतं, तक्रार केल्यावर ही बाई किती वेळाने येते. तक्रार करायची वेळच आली नाही. आम्ही नाश्ता करतोय तोच आफरीनचा फोन, "काका, तुमची वीज दिसत नाही मला मोबाइलवर. आजींचं मशीन चालू आहे ना?" आणि थोड्या वेळात ती दारात. यंत्राकडे बघितलं, नंदाकडे बघितलं.

"काकी, तुम्ही बंद केलंत?"

"हो. तपासणी होती."

"पास झाले का?"

"फोन केलास तेव्हा पास. चपला बाहेर काढल्यास तेव्हा प्रथम श्रेणी," नंदा म्हणाली आणि पोहे द्यायला आत गेली. तुमच्या बहिणीने सबंध नोकरीत शिपायाला सोडून कोणाला प्रथम श्रेणी दिल्याचं मला आठवत नाही.

आता ऑक्टोबरचं सांगतो. हे तुम्हाला मुद्दाम पूर्ण सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही कामावर होतात आणि घाबरला असतात. परतीच्या पावसात इकडे जे वादळ झालं त्यात दुपारीच लाइट गेली. मशीन बॅटरीवर चाललं होतं, आई आरामात होत्या. तेवढ्यात जवळच कुठेतरी वीज पडली, कान बधिर झाले, आणि इन्व्हर्टरमधून धूर. मशीन थांबलं. सिलिंडर लावला, पण तो छोटा. दवाखान्यात न्यावं तर साखरतरच्या बाजूला रस्त्यावर आंब्याचं झाड आडवं. नंदाचा फोन एकदाच लागला. ती "आफरीन, आजी..." एवढंच बोलली आणि रेंज गेली. अमरदीप, मी पत्रात विनोद करतो हे तुम्हाला माहीत आहे. त्या दुपारी मी आईंचा हात धरून बसलो होतो, आणि त्या मलाच धीर देत होत्या, की जावईबुवा, हात दाबू नका, दुखतोय. सिलिंडरचा काटा खाली येत होता. नंदा उशी सारखी करत होती, परत परत, तीच उशी.

आफरीन आली ती भिजलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. गाडी झाडापलीकडे ठेवून दोघं चालत आलेले, अलीच्या डोक्यावर प्लास्टिकात गुंडाळलेला इन्व्हर्टर. वाटेत गणपतीपुळ्याचा एक हॉटेलवाला तिला फोनवर ओरडत होता, आमच्याकडे आधी या म्हणून. तिने त्याला सांगितलं, "आधी माणूस, मग गीझर." आमच्या घरात मात्र ती एक शब्द बोलली नाही. अमरदीप, आफरीन बोलत नाही म्हटल्यावर मी जो घाबरलो! दोघांनी जळकं यंत्र काढलं, आणलेलं लावलं, जोडण्या तपासल्या. मग मशीनचा तो घरघर आवाज आला. आजवर त्या आवाजाने माझी झोप मोडायची. त्या दिवशी वाटलं, कोणी गातंय.

नंदाने विचारलं, एवढ्या वादळात नवीन इन्व्हर्टर कुठून मिळाला? आफरीन टॉवेलने डोकं पुसत राहिली. तेव्हा अली बोलला.

"घरचा हाय."

"म्हणजे? मग तुमच्या घरी?"

"मेणबत्त्या हायत," अली म्हणाला, आणि त्याचं वर्षाचं बोलणं संपलं.

कंपनीकडून आमचा नवीन येईपर्यंत त्यांच्या भिंतीवरचा इन्व्हर्टर आमच्या भिंतीवर होता. आईंनी तिला जवळ बोलावून तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, चहा पिऊन जा, पण जावईबुवांच्या हातचा नको. तर बाई भरवशाची आहे का, असं तुम्ही विचारलंत. तोंडाची फटकळ आहे, मोठ्याने बोलते, माझ्या चष्म्याला नावं ठेवते. बाकी तुम्हीच ठरवा. मी तरी या जिल्ह्यात असं दुसरं माणूस बघितलेलं नाही.

सर्वांना यथायोग्य. थंडीत कंपनीच्या बसची खिडकी लावून बसत जा.

तुमचे भावोजी,
गंगाराम

ता. क. : आता मुख्य विनंती. तिला बोलावू नका. लोटे इथून लांब आहे. एकदा तुमच्या छपरावर चढली की तुमच्या वाडीतले सगळे तिच्या मागे लागणार, आणि आमच्याकडे वीज पडेल तेव्हा ती परशुराम घाटात ट्रकमागे अडकलेली असणार. तिकडेही चांगली माणसं असतीलच, शोधा. आणि वरचं सगळं शेजाऱ्यांना वाचून दाखवू नका.

ता. क. (नंदाचं) : अमर, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं होतं, मी वाचलं. ह्यांचं मनावर घेऊ नको. आफरीनला तुझा पत्ता मी कधीच दिलाय. पुढच्या रविवारी ती तुझं छप्पर बघायला येतेय, आणि गाडीत पुढच्या सीटवर आई येतेय. तू आणि रसिका नेहमी म्हणता ना, आईला न्यायची फार इच्छा आहे, पण आमच्याकडे लाइट फार जाते, मशीनचं काय करायचं? आता ती काळजी मिटली. आफरीन आधी बॅटरी बसवेल, पॅनेलं सावकाश. सिलिंडर गाडीत मावतो, तिने मापून बघितलाय. भात मऊ लागतो, उशी उंच लागते. किती दिवस राहणार म्हणून मी आईला विचारलं, तर म्हणाली, "विक्रीनंतरची सेवा कशी आहे, ते नीट कळेपर्यंत."