पायाचं दुखणं डोळ्यात

आई, काल माझ्या उजव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं. डोळ्याच्या आत. तुझ्यासारखंच होणार, ही भीती कालपासून डोक्यातून जात नाही.

आठवडाभर लघवीच्या इन्फेक्शनचा ताप होता. तो उतरतोय म्हणेपर्यंत डोळा लाल झाला, ठणकायला लागला आणि समोर धूर धरल्यासारखं दिसायला लागलं. इथल्या, बावधनच्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि विचारलं, "एवढ्यात ताप होता? अंगावर कुठे गळू, जखम?" मी आठवडाभराच्या तापाचं सांगितलं. तुला हे कुणी वेळेवर विचारलंच नव्हतं.

तुझ्या वेळी आपल्या माले गावात भाताची लावणी चाललेली. इर्जिक, आज त्यांच्या खाचरात तर उद्या आपल्या, त्यामुळे घरी बसायची सोय नाही. तुझ्या तळपायात करवंदीचा काटा मोडलेला, साखरेचा आजार आधीपासूनचा. पाय भोपळ्यासारखा सुजलाय आणि तू हळद-तेलाची चिंधी बांधून चिखलात उभी आहेस. मी ओरडले तर म्हणतेस, "पायाचं काय न्हाई गं. समदी आपल्यात राबून गेल्यात, त्यांचं फेडाय नगं?" पाय कुणाला खटकला नाही. डोळा लाल झाला तशी शेजारची काकू बांधावरनंच ओरडली, "डोळं आल्यात तुजं! घरी जा, समद्यांना लागत्याल." डोळ्यासाठी सुट्टी मिळाली, पायासाठी नाही. तू काळा चष्मा लावून ओटीवर बसलीस, आम्ही गुलाबपाणी घालत राहिलो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पायातला पू रक्तातून डोळ्यात पोचला होता, हे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. आधी डोळा गेला, आणि पाठोपाठ तू.

माझे डॉक्टर म्हणतात, तुम्ही लवकर आलात. लवकर म्हणजे किती, हे विचारायचा मला धीर होत नाही. लेक ऑफिसातून फोन करते, "आई, दिसतंय ना गं?" मी म्हणते, दिसतंय की.

खरं सांगू? पट्टी सकाळीच काढली. चांगला डोळा हाताने झाकून समोरचं दिसतंय का बघा, असं डॉक्टरांनी बजावलंय. तुला लिहायला बसले ती ते टाळायलाच, तेवढाच वेळ जातो. पाठवायचं तर कुठे नाहीच. दुपार झाली, आणि मी अजून चांगला डोळा झाकलेला नाही.