मामाच्या लग्नाच्या कॅसेटमधली माय

प्रिय माय,

जमलं! आज तुझ्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला सगळे इथे बोथ गावी माझ्या घरी आलेत, आणि टीव्हीसमोर जो गलका चाललाय तो तुझ्यामुळे. तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून स्वयंपाकघरात येऊन लिहितेय.

मामाच्या लग्नाची कॅसेट आठवते? भैंसा गावाहून व्हिडिओवाला आला होता. आपल्या लोकांना कॅमेरा म्हणजे फोटो, एवढंच ठाऊक! तो समोर आला की सगळं वऱ्हाड हात खाली सोडून, श्वास रोखून उभं. तो बिचारा ओरडतोय, "अरे हिलो, फोटो नहीं है!" आणि कोणी पापणी लववेल तर शपथ. हलत होतीस ती एकटी तू.

त्याचीच शिक्षा तुला मिळाली बघ. मी ती कॅसेट दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणली, तर पुतळे सगळे स्वच्छ, आणि तुझ्या अंगभर आडव्या रेघा! चेहऱ्याच्या कडा फणीच्या दातांसारख्या. आवाज तेवढा शाबूत. काऊन गं माय, एक मिनिट स्वस्थ उभी राहिली नाहीस?

मी सोडून दिलं असतं. पण तेजूने, तुझ्या नातीने, तुला पाहिलंय ते फक्त भिंतीवरच्या फोटोत, ओठ मिटलेली. "आजी रागीट होती काय?" म्हणून विचारते. तू, आणि रागीट!

मग बसले शिकत. तो जुना कॅमेरा प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत टिपायचा: आधी एकाआड एक रेघा, मग क्षणभराने उरलेल्या. माणूस थांबलेला असला की दोन्ही अर्धी जुळतात. तू तोवर पुढे गेलेली असायचीस! त्यात दुकानदाराने चित्र ताणून मोठं केलेलं, रेघा एकमेकींत कालवल्या गेलेल्या. शेवटी शेजारच्या सरांचा व्हीसीआर मागून आणला आणि कॅसेट होती तशी पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवून घेतली.

सोपा उपाय होता, अर्ध्या रेघा टाकून द्यायच्या. तुझ्यातलं अर्धं टाकून देऊ? मुळीच नाही! प्रत्येक अर्ध्याचं वेगळं पूर्ण चित्र करून घेतलं. पहिल्या खेपेला तू पाऊलभर पुढे, पुन्हा मागे, अशी थरथरत चाललीस. कोणतं अर्धं आधीचं, ते मी उलटं सांगितलं होतं. ते पालटलं, आणि माय, तू सरळ चालत आलीस! मी एकटीच टाळ्या वाजवत बसले.

शेवटचा तुकडा मात्र सगळ्यांसोबत पाहायचा म्हणून राखून ठेवला होता. दुकानातल्या प्रतीत तिथे नुसता रेघांचा गुंता, आणि त्यातून तुझा आवाज: "काऊन पुतळ्यावानी उभी हायस? हाल ना वं!" मला वाटायचं, नव्या मामीला म्हणतेस.

आज दिसलं. फ्रॉकातल्या एका ताठ पोरीचे दोन्ही हात धरून तू तिला नाचवतेयस. ती मी आहे! मला काहीच आठवत नव्हतं गं.

धाकटी मावशी टीव्हीवरच्या तुझ्या चेहऱ्याला हात लावून म्हणाली, "अवं, हे त हासून राह्यली पाहा!" पडद्यावर खांबासारखा उभा असलेला मामा इथे ढसाढसा रडला. आणि तेजू? तिने तो तुकडा पुन्हा पुन्हा लावायला लावला.

आता ती मोबाइल घेऊन दारात उभी आहे. "मम्मी, लिवून का राह्यली? नाच ना, व्हिडिओ काढतो!"

चालले मी. हल्लीच्या मोबाइलमध्ये रेघा येत नाहीत म्हणे. आल्याच तर तेजू काढेल. शब्द देते माय, मी हलणारच.

तुझी ताठ पोरगी,
छबू