डोंगराकडची काच

फ्लुरिन,

डोंगराकडची भिंत आजोबांनी पाचरीसारखी टोकदार बांधली होती. बर्फाचा लोंढा आलाच तर दुभंगून घराच्या दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. ती पाडून तू काच बसवलीस. भाडं देऊन राहणाऱ्या पाहुण्यांना शिखरं दिसायला हवीत ना! वर मलाच म्हणालास, "आता कुठे पडतो गं ताई पूर्वीसारखा बर्फ?"

काल डोंगरावरच्या बर्फाचा खालचा साखरेसारखा भुसभुशीत थर सुटला आणि वरचा सगळा बर्फ तुझ्या काचेतून आत शिरला. आई त्याच काचेच्या खोलीत तुझ्याच पाहुण्यांच्या गाद्या घालत होती. शेजारच्या बाल्झरने तिला उकरून काढलं. पाय मोडलाय, तरी पहिलं काय बोलली? "फ्लुरिनला कळवू नकोस, त्याच्या जिवाला लागेल."

लागू दे की मेल्या!

पण तिने शपथ घातलीय, म्हणून हे पत्र चुलीत जाईल. तू मात्र ईस्टरला ये. तुझी गादी त्याच खोलीत घालते.

तुझी ताई,
लादीना