गेममधला अंधार

मंगळवार, दिवेलागण

शिफ्टवरून दमून आलो आन् तोच भुताटकीचा गेम लावला. धुकं, सावल्या, मागून घुरघुर, सगळं झकास. पण करायचं काय? पळा, उडी मारा, मरा, परत पळा. नुसत्या अंधारावर किती दिवस काढायचे?

वडील मागून बघत होते. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला. म्हणाले, "जनावर मागं हाय, तर ह्यो गडी गाणं लावून का जात न्हाई?"

"आप्पा, तसं बटणच नाही ह्यात."

मग बिबट्याच्या भीतीनं मोबाईलवर मोठ्यानं गाणं लावून ते उसात मोटार चालू करायला गेले. मी हेडफोन काढले.

मोटारीचा आवाज येतोय. गाण्याचा मघापासून येईना. पाय दुखतायत, पण वही ठेवतो. माझ्या मोबाईलवर गाणं लावून निघतो.