बिनसाखरेची बिस्किटं

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सातवा महिना लागला आणि गरोदरपणातला मधुमेह निघाला. डॉक्टरीणबाईंनी पथ्य दिलंय आणि जेवणानंतर बोट टोचून साखर बघायची. नाहीतर बाळ अति वाढतं, बाळंतपण अडतं, माझंही ब्लड प्रेशर चढू शकतं म्हणे. मी निमूट ऐकते. माझी जीभ किती चटोर, तुला माहीतच आहे. तुझ्या बेकरीतल्या बिनसाखरेच्या बिस्किटांवर तग धरून आहे. ह्यांना एकही देत नाही.

लोभ आहेच, डब्यासोबत वाढू दे.

तुझी धाकटी

६ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुला इन्सुलिन सुरू झालं, डोसही वाढवला, हे फोनवर ऐकून जीव कासावीस झाला. डॉक्टर लोक घाबरवतातच. माझ्या दोन्ही वेळी मी सगळं खाल्लं, काही झालं नाही. बिस्किटांची शंका मनातून काढ. तुझा ट्रे मी वेगळा भाजते, साखरेचा कणही नसतो. भट्टी दुरुस्तीला काढलीय, म्हणून पुढचा डबा उशिरा येईल. वाळू नकोस गं.

तुझी ताई

१९ मे

ती. ताईस,
सा. न.

इतके दिवस तुला पत्र लिहवलं नाही. तुझी भट्टी बंद, डबा आला नाही, इन्सुलिन मात्र तेवढंच घेतलं. साखर एकदम उतरली आणि ग्रंथालयाच्या जिन्यावर अंधारी आली. कठडा हाताशी होता म्हणून वाचले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाण्यातून काय बंद झालं? फक्त बिस्किटं. त्याआधी त्या मला म्हणाल्या होत्या, तुम्ही चोरून गोड खाता. मी छातीठोकपणे सांगितलं होतं, माझी ताई मला फसवणार नाही.

तू फोनवर रडत म्हणालीस, "पोटातलं पोर वाळेल म्हणून नेहमीची साखरेचीच पाठवली." अगं, मला विचारायचं तरी. खोटी मी ठरले, सुया मी टोचून घेतल्या, आणि तू कौतुकाने डबे भरत राहिलीस. हा राग जाता जात नाही.

परवा मुलगी झाली. फार मोठी, म्हणून सिझेरियन करावं लागलं. जन्मल्यावर तिची साखर उतरली, म्हणून रात्रभर माझ्यापासून लांब ठेवली होती. आता दूध पितेय. नाक तुझ्यावर गेलंय. माझी तपासणी पुन्हा दीड महिन्याने आहे आणि पुढेही जन्मभर जपायचंय.

लोभ आहे, तो कुठे जाणार? भाचीला बघायला ये. येताना मात्र रिकाम्या हाताने ये.

धाकटी