उजवा खुबा आणि पाणसळीतला बुडबुडा

प्रिय भिंगरीस,

ताईचे आशीर्वाद. (साठी उलटल्यावर तुला या नावाने हाक मारणारी मी एकटीच उरले आहे, तेव्हा तक्रार करू नकोस.) तुझा चष्मा नवा झाला का, तुझे यजमान गोळ्या वेळेवर घेतात का आणि सूनबाई अजून नळ सोडून ठेवून भांडी घासते का, ते सविस्तर कळव. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "अगं बाई!" म्हणतेस आणि पुढचं मला बोलूच देत नाहीस. पत्रात मध्ये बोलायची सोय नाही.

मी ठणठणीत आहे. फक्त उजवा खुबा दुखतो. रोज दुखला असता तर तुला कळवलंही नसतं. रोजच्या दुखण्याशी माणूस जमवून घेतं. पण हा एक दिवस दुखतो, पुढे दोन दिवस गप्प बसतो, आणि आपण त्याला विसरलो की सकाळी पलंगावरून पाय खाली टाकताना अशी कळ मारतो की भिंतीला धरून उभं राहावं लागतं. मी ऑफिसात उभी हयात ड्रॉइंग सेक्शन चालवला. माझ्या हाताखालचा कुणी असा लहर लागेल तसा हजर-गैरहजर राहिला असता तर दुसऱ्याच दिवशी त्याला साहेबांपुढे उभं केलं असतं. त्याच न्यायाने खुब्याला डॉक्टरपुढे उभं केलं. तिथे स्वारी गैरहजर.

डॉक्टर अगदी पोरगेलासा आहे. त्याने माझा पाय आत वळवला, बाहेर वळवला, गुडघ्यात मुडपून पोटाशी नेला. दर वेळी "दुखतंय?" आणि दर वेळी मी "नाही." शेवटी म्हणाला, "आजी, मग आलात कशाला?" मी म्हटलं, काल दुखत होतं, तुम्ही काल सुट्टीवर होतात. मग एक्स-रे झाला. त्यात वयाला शोभेल एवढीच झीज निघाली. कारणं विचारली तर त्याने एका दमात पुष्कळ सांगितली. सांधा झिजू लागला असेल. किंवा खुब्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्याची बारीक पिशवी असते, ती एका कुशीवर फार झोपल्याने सुजते. किंवा कंबरेत शीर दबते आणि बोभाटा खुबा करतो. किंवा स्नायू आखडले, चप्पल एका बाजूने झिजली, बसायची खुर्ची वाकडी. यातलं माझं कोणतं, विचारलं तर म्हणे, येतं-जातं दुखणं असं लगेच पकडता येत नाही, कशाने येतं त्यावर लक्ष ठेवा. आणि मग, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, याचा खुब्याशी काय संबंध? तर शेक द्यायला कुणी आहे का, म्हणून विचारलं म्हणे. मी सांगितलं, माझा हात माझ्या खुब्यापर्यंत पोचतो.

(तुला म्हणून सांगते, त्याच्या बाहेरच्या खोलीत मला फार बरं वाटत होतं. एका बाकावर पाचसहा जणं. शेजारच्या बाईंनी त्यांचा गुडघा सांगितला, पलीकडच्या गृहस्थांनी मान सांगितली, मी खुबा सांगितला. माझा नंबर पुकारला तेव्हा मी गुडघेवाल्या बाईंना म्हटलं, तुम्ही जा आधी.)

घरी आल्यावर मी एकेक कारण निकालात काढायला घेतलं. चपला बदलल्या. खुबा दुखला. जुन्या घातल्या. नाही दुखला. पुन्हा त्याच घातल्या, तर दुखला. मग मी कपाटातून माझी पाणसळ काढली. निवृत्त झाले तेव्हा सेक्शनच्या लोकांनी ती मला भेट दिली होती, काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि त्यात बुडबुडा. (बाकीच्यांना शाली आणि घड्याळं, मला पाणसळच का, हे विचारल्यावर सगळे खाली बघत होते.) खुर्ची सरळ निघाली. स्वयंपाकाचा ओटा भिंतीकडे कललेला निघाला, पण ओट्यावर मी झोपत नाही. मग मी जिना तपासायला बाहेर पडले. दुसऱ्या पायरीवर ओणवी झाले आहे तोच समोरच्या शेजारीणबाई दार उघडून बघत्या झाल्या. "काय मोजताय?" "उतार." "कशासाठी?" मी म्हटलं, या घरात मला त्रास होतोय, कारण शोधते आहे. त्यांनी "हो का, हो का" म्हणत दार लावलं आणि संध्याकाळच्या आत मी घर विकते आहे, हे सगळ्या इमारतीला माहीत झालं.

दुसऱ्या दिवशी घरांचे व्यवहार करणारा एजंट दारात हजर, बरोबर नवीन लग्न झालेलं जोडपं. तू म्हणशील, मी त्यांना तिथूनच परत पाठवलं असणार. नाही. आत घेतलं, सगळ्या खोल्या दाखवल्या, कोणत्या खिडकीतून कधी ऊन येतं ते समजावलं, चहा केला. एजंट म्हणाला, "बाई, किमतीचं बोलूया का?" मी म्हटलं, आधी चहा गार होतोय तो प्या. दुसरा चहाही केला. झोपायच्या खोलीत ती मुलगी पलंगाच्या दाराकडच्या कडेला टेकली आणि एकदम "अय्या!" म्हणून गादीत आत गेली. "आजी, इथे केवढा खड्डा आहे!" नवरा हसत सुटला, तिला हात देऊन वर ओढलं. मग मात्र मी सांगितलं की घर विकायचं नाही. एजंटाने मला जे ऐकवलं ते लिहीत नाही. मुलगी जाताना म्हणाली, चहा छान होता.

ती मंडळी गेल्यावर पाणसळ गादीवर आडवी ठेवली. बुडबुडा थेट भिंतीकडे पळाला आणि तिथेच चिकटून बसला. म्हणजे माझी बाजू उंच, दाराकडची खोल. ह्यांची बाजू. ह्यांचं वजन तुला माहीत आहे, तुझ्या लग्नात ज्या खुर्चीचे पाय फाकले त्या खुर्चीलाही माहीत आहे. हे जाऊन वर्ष होत आलं, खड्डा अजून तसाच. मी तिकडे घरंगळू नये म्हणून रात्रभर भिंतीकडे तोंड करून, उजवा खुबा रोवून पडते. वाचता वाचता खुर्चीतच डोळा लागला तर दुसऱ्या दिवशी काही नाही. तुझ्याकडे आले होते तेव्हाही एकदा दुखला नाही, आणि तू म्हणाली होतीस, ताई, तुझं दुखणं मनाचं आहे. तर मनाचं नाही, उताराचं आहे. हे होते तेव्हा उतार नव्हता का, असं विचारशील. होता. पण तेव्हा घरंगळलं तरी पुढे हे असायचे.

तर कारण सापडलं, निदान मी स्वतः केलं, काळजीचं काही नाही. तुला येण्याची अजिबात गरज नाही. तू मागे म्हणालीस राहायला येते, तेव्हा मला सोबत लागत नाही असं मी म्हटलं होतं. ते वाक्य मी मागे घेत नाही.

तुझी,
ताई

ता. क. कापसाची जुनी डबल गादी आहे, एकटीने पालटता येत नाही. मी बघितलं करून. एक कोपरा उचलला की बाकीचे तीन बसून राहतात. हे आणि मी वर्षातून एकदा पालटायचो. "तीन म्हटल्यावर उचला" असं मी बजावायचे आणि हे दर वेळी दोनलाच उचलायचे.

ता. क. दुसरा. मधोमध झोप, असा सल्ला देऊ नकोस. जमत नाही.

ता. क. तिसरा. काल गादीवाल्याकडे गेले होते. म्हणाला, आत्ता दोन माणसं पाठवतो, पालटून देतील, पैसेही नकोत. मी म्हटलं, नको, माझी बहीण येणार आहे. त्याने विचारलं, कधी? माझ्या तोंडून निघून गेलं, रविवारी. मी आजवर कुणाला खोटं माप दिलेलं नाही. सकाळच्या गाडीने ये, आणि मी तीन म्हटल्याशिवाय उचलू नकोस. दोनला उचललंस तरी चालेल.