छत्तिसावा फोटो

मालवण,
५ फेब्रुवारी २००३

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. परवा तुझा फोन आला तेव्हा मी "शोधते" एवढंच म्हणाले. आई गेली, रविवारी तिचं पुण्यानुमोदन, आणि समोर ठेवायला तिचा एक धड फोटो नाही. मतदान कार्डावर तिनं डोळे मिटलेत. तुझ्या लग्नातले सगळे फोटो मीच काढले, पण प्रत्येकात ती कुणाच्या तरी मागे, नाहीतर पदराआड. तू फोटो मोठा करून घ्यायला गेलास तेव्हा जुन्नरचा स्टुडिओवाला म्हणाला असेल, बहीण फोटो काढून पोट भरते आणि आईचा एक फोटो नाही! म्हणू दे. खरंच आहे.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून, हातात कॅमेरा घेऊन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वाळूवर पालथं पडून राहायचं. करंगळीएवढा एक मासा कोळंबीच्या बिळात राहतो. ती बीळ उकरते, तो दारात राखण करतो. जरा सावली पडली की दोघंही आत, मग बस अर्धा तास वाट बघत. इथले लोक माझ्या चिकाटीचं कौतुक करतात. त्यांना काय माहीत, ही आपल्या गावच्या, मढच्या भातखाचरातली शिकवण आहे! बांधावर खेकडे धरताना आई बजावायची, "यशू, सावली पाडू नगं. त्येला वाटलं पायजे, हितं कुणी न्हाईच." आपल्या घरातही ती तशीच वावरली रे, कुणी नसल्यासारखी.

डिसेंबरात ती इथे आली, तेव्हा लुगडं खोचून माझ्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उतरली. सावली बिळावर पडणार नाही अशी, न सांगता उभी राहिली. मासा तिच्या पायाशी बाहेर आला. मी वर आले तर हसत म्हणाली, "आता माजा काढ की येक." आयुष्यात पहिल्यांदा! मी म्हटलं, रोल संपला, उद्या काढू. "बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती निघाली, घाईत राहूनच गेलं. आणि महिन्याभरात तुझा तो फोन.

रोल संपला नव्हता, दादा. छत्तिसातला एक उरला होता, तो मी माशासाठी ठेवला होता. पुन्हा पाण्याखाली गेले आणि काढलाही. ती तोवर तशीच उभी होती, जराही न हलता. मासा झकास आलाय. कडेला आईची भेगाळलेली टाच आहे. तोच फोटो सोबत पाठवतेय, माझ्याकडे तिचा तेवढाच आहे. हे फोनवर सांगायला माझी जीभ रेटली नाही.

तुझीच,
यशोधरा